पाठीमागचा बारदाना

मित्रांनो, मी सौंदडच्या एका राईस मिलमधला जुना डेस्कटॉप संगणक आहे. आता गोदामाच्या कोपऱ्यात पडून असतो, पण स्वभाव काही गेला नाही. मी संशयी आहे. कोणी मागून आलं की मला वाटतं, हा नक्की काहीतरी करणार. जन्मापासून मी असा नव्हतो. माझ्यावर जे गुदरलं ते ऐकलंत, तर तुम्हीसुद्धा मला नावं ठेवणार नाही.

२००४ साली गोंदियाच्या एका दुकानात मला जोडलं. माझं डोकं म्हणजे प्रोसेसर. काडेपेटीहून लहान असा तो चौकोनी तुकडा, पण सगळं काम तोच करतो आणि करता करता तापतो. म्हणून जोडणाऱ्या माणसानं त्याच्यावर पांढरा लेप लावला, लेपावर अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा बसवला आणि ठोकळ्यावर छोटा पंखा. माझ्या कुशीला बारीक भोकांची जाळी होती, तिथून थंड हवा आत यायची. पाठीला दुसरा पंखा होता, तो गरम हवा बाहेर टाकायचा. चाळीस-पन्नास अंशांवर मी मजेत असे. साठीपर्यंत माझी तक्रार नसे. सत्तरीच्या पुढे जीव कासावीस व्हायचा, आणि त्याही पुढे पार नव्वदीला टेकलो की माझ्या हाती एकच उपाय उरे, तो म्हणजे झटकन बंद होणं. लोक त्याला बिघाड म्हणतात. मी त्याला जीव वाचवणं म्हणतो.

मिलचे मालक मनोहरलाल यांनी मला मोठ्या हौसेनं आणलं. नारळ फुटला, माझ्या कपाळावर कुंकू लागलं, झेंडूचा हार पडद्यावरून लोंबला. गावातली माणसं मशीनची पावती बघायला मुद्दाम येत. मनोहरलाल स्वतः मला फारसा हात लावत नसत, पण मिल त्यांना आतून-बाहेरून पाठ होती. तांदळापासून कोंडा वेगळा करायला मिलमध्ये हवेचा जोर लागतो. पाइपाला कुठे फट पडली तर तो जोर जातो. म्हणून त्यांच्या खिशात कायम दाभण आणि सुतळी असे. फट दिसली की बारदान्याचा, म्हणजे पोत्याचा, तुकडा घ्यायचा, त्याची चौपदरी घडी घालायची, कडा शिवायच्या आणि तो तिथे घट्ट कोंबायचा. नोकरांवर ते हे काम कधी सोडत नसत.

माझ्यावर काम करायला अल्का आली. तिचे वडील रेल्वे लाइनवर गिट्टी, म्हणजे खडी, टाकायला जात. तिनं गोंदियाला जाऊन संगणकाचा कोर्स केला होता. तिच्या वस्तीतून येऊन मिलच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारी ती पहिलीच. त्यामुळे हमाल तिच्याकडे जरा जास्तच बघत, आणि ती कुणाकडेच बघत नसे. सकाळी माझा पडदा ओढणीच्या टोकानं पुसायची, मग ट्रकच्या वजनाच्या पावत्या काढायला बसायची. मला ती आवडायची, हे सरळच सांगतो.

दोन-तीन वर्षं बरी गेली. बारीक कोंडा माझ्या पोटात थोडा थोडा साचत होता, पण मी चालवून घेत होतो. मग एका उन्हाळ्यात, उन्हाळी धानाचे ट्रक मिलच्या दारात उभे असताना, कुणीतरी माझ्या मागे आलं.

माझं तोंड खुर्चीकडे आणि पाठ भिंतीलगतच्या टेबलाकडे. त्या टेबलावर धानाच्या नमुन्याच्या ताटल्या मांडलेल्या असत. मागचं मला काही दिसत नाही. फक्त एवढं कळलं, की काहीतरी खरखरीत, जुन्या धानाचा वास असलेलं, माझ्या पाठीच्या जाळीत कोंबलं गेलं. पंख्याची पाती त्याला घासली, कण्हली आणि थांबली. मग तेच कुशीच्या जाळीत. माझा श्वास दोन्हीकडून बंद झाला.

त्या दिवसापासून दुपार झाली की मी बंद पडू लागलो. बाहेर ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, खोली तापलेली, आणि खोलीहून थंड राहणं माझ्यासारख्याला शक्यच नसतं. आधी मी संथ होई, मग धोक्याची टीं-टीं करी. पण मिलच्या घरघराटात ती कुणाला ऐकू जाणार? शेवटी पडदा काळा.

आधी संशय लाइनवर, म्हणजे विजेवर, गेला. पण छतावरचा पंखा फिरतच होता. मग यूपीएसच्या बॅटरीवर गेला, म्हणून ती बदलली. त्यानंही फरक पडला नाही, तेव्हा संशय माणसांवर आला.

मनोहरलालांचा भाचा खुमेंद्र सकाळच्या गारव्यात माझ्यावर पत्त्यांचा खेळ खेळायला बसे. तो म्हणाला, माझ्या हातात तर मशीन कधीच बंद पडत नाही. बोलला तो सहज, पण मनोहरलालांच्या मनात ते रुतलं. मी बंद पडलो की वजनाच्या पावत्या हातानं लिहाव्या लागत, आणि हातानं लिहिलेल्या पावतीत कुणाच्याही भल्याचं लिहिता येतं, असं त्यांच्या डोक्यात आलं. पोरगी मुद्दाम मशीन बंद करते. कुणासाठी करते, एवढंच शोधायचं राहिलं.

माझाही संशय गरगर फिरत होता. खुमेंद्र असेल, कारण त्याला ही खुर्ची दिवसभर हवी होती. कोंडा चाळणारी दुलारीबाई असेल, ती झाडू मारताना सारखी माझ्या मागे जायची. बारदाना तर मिलमध्ये ज्याच्या त्याच्या हाती. फक्त अल्कावर माझा संशय गेला नाही. जिचं पोट माझ्यावर चालतं, ती माझा गळा कशाला दाबेल?

मनोहरलालांनी दुलारीबाईला सूप घेऊन अल्काच्या मागे बसवलं. तिच्या हातांवर नजर ठेव, म्हणाले. दुलारीबाई दुपारभर बसली आणि मी बंद पडल्यावर जाऊन सांगून आली, की पोरीचे हात कीबोर्डवरच होते, चालू-बंदच्या बटणाकडे गेलेच नाहीत. झालं, आता दोघी एक आहेत असा नवा संशय. त्या दिवशी काट्यापाशी, ट्रक तोलायच्या जागी, हमाल आणि शेतकऱ्यांच्या देखत त्यांनी अल्काचं नाव घेतलं. मशीन बंद पडत नाही, कोणीतरी बंद पाडते, असं म्हणाले. संध्याकाळपर्यंत हे तिच्या वस्तीत पोचलं असणार. दुसऱ्या दिवशी ती आली ती डोळे सुजवून. माझा पडदा मात्र तिनं पुसला.

दुपारी मनोहरलाल दारात उभे राहिले. "उद्यापासून येऊ नको," ते म्हणाले. "तू बसली का बंद, खुमेंद्र बसला का चालू. मंग मी काय समजू?"

अल्का खुर्चीवरून उठली. मला वाटलं, गेली.

"जातो, सेठजी. पन एकडाव तुम्ही बसा इथं," ती म्हणाली. "मी दारात उभी राहतो. माझे हात तुमच्या समोर."

मनोहरलालांना नाही म्हणता येईना, कारण दुलारीबाई आणि खुमेंद्र दोघंही बघत होते. ते बसले. एका बोटानं माझी बटणं दाबू लागले. अल्का दारात हात बांधून उभी. मी आतून तापत होतो. खरं सांगतो मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला बंद पडायची घाई झाली होती. सत्तर झाले, ऐंशी झाले. मी संथ झालो, टीं-टीं केली. मनोहरलालांनी मान वर करून अल्काकडे पाहिलं, ती जागची हलली नव्हती. आणि त्यांचं बोट बटणावर असतानाच माझा पडदा काळा झाला.

बाहेर मिल घरघरतच होती.

अल्का पुढे आली. तिनं मला लगेच चालू केलं, पण नेहमीच्या पडद्यावर जाऊ दिलं नाही. सुरुवातीलाच एक बटण दाबून तिनं माझा निळा पडदा उघडला. त्या पडद्यावर मी माझा ताप लिहून ठेवत असतो, आणि इतक्या वर्षांत तो वाचायला कुणी आलं नव्हतं. तिनं मोठ्यानं वाचलं, अठ्ठ्याऐंशी. "कोर्समध्ये साठ-पासष्टच्या वर जाऊ देऊ नका म्हणत होते," ती म्हणाली, आणि मला पूर्ण बंद करून, तार काढून, तिनं माझ्या पाठीशी हात नेला. हाताला बारदाना लागला. तिनं तो ओढून काढला. मग कुशीचाही.

खुमेंद्र म्हणाला, कोणी ठेवलं असेल हे? मीही तेच विचारत होतो. दुलारीबाईनं तुकडा हातात घेतला, उलटापालटा केला. रोज पाइपातले असलेच तुकडे ती काढायची आणि झटकून परत लावायची.

"ही शिवण त तुमच्याच हातची होय, सेठजी," ती म्हणाली.

मनोहरलालांनी घडी पाहिली. चौपदरी होती आणि कडा सुतळीनं शिवलेल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांना आठवलं असावं. माझ्या पंख्याच्या वाऱ्यानं मागच्या ताटलीतल्या नमुन्याची फोलपटं उडत होती, आणि हवा जिथून निसटते तिथे बारदाना कोंबायचा, हे त्यांच्या हाताला आयुष्यभर ठाऊक होतं. कुशीची भोकंही त्याच हिशेबात बुजली. माझा पंखा मी जगावं म्हणून वारा टाकतो, हे त्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्या समजलो, हवा लिक होऊन राहिली," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "ये उद्या. येत जा."

अल्कानं मान हलवली नाही. "माझं नाव तुम्ही काट्यापाशी घेतलं होतं, सेठजी. सगळ्यांच्या देखत."

मला वाटलं आता ते भडकतील. मालक माणूस. पण ते तुकडा हातात घेऊन बाहेर गेले. ऑफिसातून मला बाहेरचं दिसत नव्हतं. मी फक्त ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की आवाज कमी होतोय. यंत्रांचे पट्टे संथ झाले, घरघर उतरत गेली आणि थांबली. दारात धानाचे ट्रक उभे असताना, भर दुपारी, मनोहरलालांनी मिल बंद केली होती. त्यांचं बोलणं काट्यापासच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जावं म्हणून. ते काय बोलले ते सगळं मला कळलं नाही. एवढंच नीट ऐकू आलं, "पोरीची चूक नाई. बारदाना मीच कोंबला होता."

अल्का खुर्चीवर बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडली. मग डोळे पुसून तिनं माझं झाकण उघडलं. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवत, मऊ कुंचल्यानं पात्यांमधला कोंडा झाडला. नमुन्याचं टेबल दुसऱ्या भिंतीला गेलं. पुढे गोंदियाहून नवा लेप आणून डोक्यावरचा वाळलेला लेपही बदलला. त्यानंतर भर उन्हाळ्यातही मी साठीच्या आतबाहेर राहिलो. ती बरीच वर्षं मिलमध्ये होती. नंतर तिरोड्याला चांगली नोकरी लागली. निघताना तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, वारा येतो का ते पाहिलं, आणि मग गेली. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

आता माझ्या जागी नवा संगणक आहे. खुमेंद्र सांगतो, तो अडला तरी मनोहरलाल आधी उठून त्याच्या मागे तळहात धरतात, आणि मगच कुणाला हाक मारतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा म्हातारा असेल. त्याला भिंतीला चिकटवू नका, कापडानं गुंडाळू नका, त्याच्या पोटातली धूळ अधूनमधून झाडा. आणि तो ऐन कामात बंद पडला, तर शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी एकदा त्याच्या पाठीशी हात नेऊन पाहा.