उठण्याआधी खुर्ची बदला

आमच्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, लोकांच्या मनातली भीती काढण्यात अख्खा जन्म घालवला. पुस्तकं जाडजूड, शिष्य त्याहून जाडजूड. एका बाईची पालीची भीती त्यांनी अशी घालवली की पालीच तिला घाबरू लागल्या. खोटं वाटतंय? दवाखान्यात नंबर लावायला मीच बसायचो.

रीत सोपी होती. पेशंटला आपल्या खुर्चीत बसवायचं, आपण त्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याची भीती त्याच्याच शब्दांत बोलून दाखवायची. नियम एकच: उठण्याआधी खुर्च्या परत बदलायच्या. चाळीस वर्षांत तो कधी मोडला नव्हता.

त्या दुपारी एक शिंपी आला. म्हणाला, "घरी गेलो तर बायको दारातच विचारेल, कोण पाहिजे? म्हणून चार दिवस दुकानातच झोपतोय."

खुर्च्या बदलल्या. भाऊजी शिंप्यासारखे बोलू लागले, अगदी त्याच्यासारखे अडखळत. दाराआडून मला दोघांचे आवाज वेगळे ओळखता येईनात. तेवढ्यात फोन वाजला. भाऊजींना मोठा सन्मान जाहीर झाला होता!

"भाऊजी, मिळाला!" मी दार ढकलून ओरडलो.

ते तसेच उठून फोनकडे धावले. परतलो तर शिंपी गायब, आणि भाऊजींचा कोटही.

"बरा झाला म्हणायचा," मी हसलो. भाऊजी हसले नाहीत. रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "बाळ्या, मला घरी सोड. एकट्यानं बेल वाजवायला भीती वाटतेय."

बेल मीच वाजवली. ताईनं दार उघडलं.

"ये रे बाळ्या. आणि हे कोण?"

"ताई, थट्टा पुरे. भाऊजी आहेत."

"काहीतरीच काय! आमचे हे मघाशीच आलेत. आंघोळ चाललीय."

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. कुणीतरी खाकरलं. अगदी भाऊजींसारखं. ताईनं आमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दाराला साखळी लावली.

जिन्यात भाऊजींनी माझं मनगट धरलं. "शिंप्याच्या बायकोला घेऊन येऊ. ती आपला नवरा ओळखेल, त्याला घेऊन जाईल. मग सगळं जागेवर येईल."

पत्ता माझ्या वहीत होता. दोन गल्ल्या ओलांडल्या. रस्ताभर भाऊजी पुटपुटत होते, ताईशी लग्न कधी झालं, तिच्या हनुवटीवर तीळ कुठल्या बाजूला. एकदा त्यांची बाजू चुकली. मी दुरुस्त केली नाही. धीर झाला नाही.

शिंप्याच्या बायकोनं दार उघडलं. भाऊजींना पाहताच तिचे डोळे भरून आले.

"आलात एकदाचे! चार दिवस कुठं होतात? या, आत या."

तिनं त्यांचा हात धरला. उंबऱ्यावर ते थबकले आणि वळून माझ्याकडे पाहू लागले. त्या नजरेला एकच हवं होतं: मी सांगावं, हे माझे भाऊजी आहेत. जगात तेवढं सांगणारा मी एकटाच उरलो होतो.

"आणि तुम्ही कोण?" तिनं मला विचारलं.

उत्तर तोंडात होतं. पण ताईनं साखळी लावताना माझ्याकडेही तसंच पाहिलं होतं, परक्यासारखं. वाटलं, आता बोललो तर मलाही कुणी ओळखणार नाही.

"मी... मी यांना सोडायला आलो होतो," मी म्हणालो.

दार लागलं.