पुसलेली रेघ

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी धाकट्या भावाचा पाय सुजला. आमचा धंदा कपडे धुण्याचा. भट्टीजवळच्या तारेनं त्याच्या पोटरीला ओरखडा आला, नखाएवढा. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातल्या खाटेवर कळवळत होता.

"एवढ्याशाला एवढा गळा? बाळंतीण बरी!" माझी बायको म्हणाली.

"वहिनी, पाय तुमचा असता म्हणजे कळलं असतं."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "दिसतंय थोडं आणि दुखतंय फार, हेच मला खटकतंय." त्यांनी सलाईनमधून औषध सुरू केलं, लाली संपत होती तिथं निळ्या पेनानं रेघ ओढली आणि सर्जनना बोलवायला गेल्या.

तासाभरानं दोघं आले. रेघ गायब.

"मी काढली ना! स्पिरिटनं," बायको म्हणाली. "शाईचा डाग अंगावर कशाला?" डाग दिसला की तिचा हात आवरायचा नाही.

सर्जन म्हणाले, "मग पसरलंय कशावरून? साधी सूज असेल. उद्या बघू."

"उद्या पाय नसेल, सर. कदाचित माणूसही," डॉक्टरबाई म्हणाल्या.



मी पुढं झालो. "साहेब, काढलेला डाग कुठं होता ते आम्हाला दिसतं." पडदा सारला, पाय उजेडाला तिरका धरला. भाऊ किंचाळला. पोटरीवरच्या केसांच्या मुळाशी निळं अडकलं होतं. लाली त्याच्या चार बोटं पुढं गेली होती. सर्जननी तिथं दाबलं, तर कातडीखाली काहीतरी कुरकुरलं. त्यांचा चेहराच बदलला.

"आत्ताच्या आत्ता आत घ्या."

दिवसाआड तीनदा कापलं. मला राहवेना. बाईंना विचारलं, "कातडी तर धड होती. कापलं काय?"

"कोटाचं वरचं कापड धड आणि अस्तर कुजलेलं, तसं. कुजलेलं सगळं काढावं लागतं. जरा ठेवलं की पुन्हा पसरतं."

"आणि दुखायचं आपोआप थांबलं असतं तर?"

"तर मी जास्त घाबरले असते, काका. नसा मेल्या की दुखत नाही."

पाय वाचला, पोटरी निम्मीच उरली. लोक त्याला 'पाऊणपाय' म्हणायचे, तोही ओ द्यायचा. पुढं सतरा वर्षं त्याच पायावर तो भट्टीशी उभा राहिला. गेल्या मार्चच्या आठ तारखेला, सकाळी, हृदयाच्या झटक्यानं तो वारला.