रॉक परत आलंय म्हणे!

मित्रांनो, गिटारच्या तारांतून निघालेला बारीक आवाज पोटात घ्यायचा आणि त्याची गर्जना करून बाहेर सोडायची, हे माझं काम. मी गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. लाकडी पेटी, वर काळं रेक्झिन, पुढे जाळी, आत एक मोठा स्पीकर आणि जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. हल्ली जो तो म्हणतो, रॉक परत आलंय, आता तुझे दिवस आले. ते ऐकलं की मला मळमळतं. का, ते सांगतो.

माझा जन्म घाटकोपरचा, असल्फ्याच्या एका गाळ्यातला. चंद्रप्रकाश नावाच्या कारागिराने मला बनवलं. तिथून मला चेंबूर गावठाणातल्या बर्नार्डने आणलं. बर्नार्ड दिवसा माहुलकडच्या एका कारखान्यात पाइप जोडायचा आणि संध्याकाळी आपल्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. हाताला तेलाचा वास असेल तर तो साबणाने घासून घासून काढायचा, मगच माझ्या बटणांना हात लावायचा.

काय दिवस होते ते! अंधेरीच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही असे वाजलो, की छपराचे पत्रे थरथरायला लागले. प्रिन्सिपलसाहेब कानांवर हात ठेवून धावत आले, आम्हाला थांबवायला. आले ते तसेच उभे राहिले. शेवटच्या गाण्यापर्यंत त्यांचे हात खाली आले होते आणि एक पाय ठेका धरत होता.

मग लग्नांत, पार्ट्यांत डीजे आले. बर्नार्डच्या बँडमधला एक जण आखातात गेला, एक चर्चच्या गायनात रमला. कॉलेजांनी बोलावणं सोडलं. लोक म्हणाले, रॉक संपलं. मी पोटमाळ्यावर गेलो. तिथे झुरळांनी माझ्या पोटात अंडी घातली. त्यांच्या लेंड्यांचा कुबट वास रेक्झिनमध्ये मुरला. पण त्या झुरळांना मी केव्हाच माफ केलं. ती बिचारी मला घर समजून राहिली. माझी खरी विटंबना माणसांनी केली, आणि तीही मला डोक्यावर घेऊन.

बर्नार्डची मुलगी आयव्ही मोठी झाली आणि बापाचीच गिटार वाजवायला लागली. तिने मला खाली काढलं, तेव्हा तिची मैत्रीण अक्षता सोबत होती. अक्षता त्यांच्या बँडमध्ये ड्रम वाजवते.

"ई! आयव्ही, यात तर झुरळांची सोसायटी आहे गं!" असं म्हणून ती खुर्चीवरच चढली.

बर्नार्डने रंगाचा जुना ब्रश घेऊन मला कोपरान् कोपरा साफ केलं. "हळू हां पोरी," तो आयव्हीला म्हणाला. "व्हॉल्व्ह काचेचे आहेत. तापायला वेळ लागतो. तेवढं थांबायचं, घाई नाय करायची."

इतक्या वर्षांनी मी पुन्हा बोललो, तेव्हा बर्नार्ड दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्याला डोळे पुसायचे होते.

आयव्हीचा बँड चांगला होता, पण ऐकायला कोण? कॅफेत वाजवायला जावं तर आठ-दहा माणसं, तीही सँडविचमध्ये तोंड घातलेली. आणि अशात रतन आला. रतन मॉलमधले कार्यक्रम ठरवायचा. त्याच्या अंगातल्या टी-शर्टवर एका जुन्या परदेशी बँडचं नाव होतं. बर्नार्डने आनंदाने विचारलं, त्यांचं कुठलं गाणं आवडतं? रतन म्हणाला, "गाणी वगैरे नाही माहीत अंकल, डिझाइन कडक आहे."

तिथेच मला पहिली ओकारी आली.

"रॉकला आता जबरदस्त मार्केट आहे," रतन सांगत होता. "बाहेरचे बँड येतात, मैदानं भरतात. कॉलेजची पोरं परत गिटार घ्यायला लागलीत. मुलुंडच्या मॉलपासून सुरुवात करू, मग सगळ्या उपनगरांत. तुमचा बँड पाहिजे, आणि हा डबा तर पाहिजेच. काय लूक आहे यार!"

"डबा?" बर्नार्डने विचारलं. पण आयव्हीचा फुललेला चेहरा पाहून त्याने मान डोलावली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच रतनची माणसं मला घेऊन गेली. मॉलच्या तळघरात मला उताणं पाडून त्यांनी माझ्या अंगावर सँडपेपर घासला, मी आणखी जुना दिसावा म्हणून! ज्या रेक्झिनवर बर्नार्डने ओरखडा येऊ दिला नव्हता, ते त्यांनी सोललं आणि वर तपकिरी रंग फासून खोटी धूळ रंगवली. मग माझी पाठ उघडली, तारा कापल्या, स्पीकर उपटून काढला आणि त्या जागी नारिंगी दिवा बसवला. स्पीकर कचऱ्याच्या पिंपाशी फेकला. कोणीतरी त्याच्यावर अर्धवट प्यायलेली कॉफी ओतली. मी उघड्या पोटाने बघत होतो. झुरळं यापेक्षा सभ्य होती हो!

मग मला वर नेऊन स्टेजवर ठेवलं. आयव्ही आली आणि ओरडलीच. "हे काय केलंत? आम्ही वाजवणार कशातून?"

"वाजवायचं कुठे आहे?" रतन म्हणाला. "ट्रॅक लागणार. स्टुडिओतला, एकदम क्लीन. तू बोटं हलव, केस उडव. झकास दिसेल."

"माझ्या ड्रमवर तर आवाज दाबायला गादी घातलीय," अक्षता म्हणाली. "आयव्ही, चल इथून. वाट लागली सगळ्याची."

आयव्हीने वर पाहिलं. मॉलच्या तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर माणसंच माणसं होती. ती अक्षताकडे वळली. "एकदाच, अक्षू. एवढी माणसं आपल्याला परत कधी मिळणार?"

कार्यक्रम सुरू झाला. माझ्या पोटात आवाजाऐवजी दिवा जळत होता आणि लोक माझे फोटो काढत होते. पुढच्या रांगेत बर्नार्ड बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिला सूर निघाला आणि त्याची मान खाली गेली. त्याला कळलं होतं, हा माझा आवाज नाही.

गाण्याच्या ऐन मध्यावर, गिटार एकटीच वाजते त्या जागी, आयव्ही दोन पावलं मागे सरली. तिच्या पायात गिटारची वायर अडकली आणि माझ्यातून निसटून खाली पडली. गिटार तशीच दणदणत राहिली. आयव्हीने वायरकडे पाहिलं. मग तिने बोटं हलवायचं थांबवलं. गिटार वाजतच होती. तिने गिटार गळ्यातून काढून खाली ठेवली. तरी वाजत होती! ती हाताची घडी घालून समोर बघत उभी राहिली, कोणीतरी 'हे काय चाललंय' असं विचारेल म्हणून.

कोणीही विचारलं नाही. मित्रांनो, लोक जास्तच चेकाळले. "काय अ‍ॅटिट्यूड आहे!" असं म्हणत त्यांनी शिट्या मारल्या. रतन बाजूला उभा राहून आधी "वाजव, वाजव" अशा खुणा करत होता. शिट्या ऐकून तोही टाळ्या वाजवायला लागला. तेव्हा मला जी शिसारी आली, ती अजून उतरलेली नाही.

बर्नार्ड उठला. रतनच्या माणसांना विचारून, तळघरात जाऊन त्याने माझा स्पीकर शोधला. त्याचा कागदी पडदा फाटला होता, कॉफीने चिकट झाला होता. तो स्पीकर छातीशी धरून तो वर आला. शर्टाला डाग पडले. आयव्ही त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली.

"पप्पा, बोल ना काहीतरी."

"एक बाजू तू धर," बर्नार्ड म्हणाला. "जड आहे."

दोघांनी मला उचलून घरी आणलं.

आयव्हीच्या हाताच्या घडीचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. रतनचा फोन आला, "प्रत्येक मॉलमध्ये हेच करायचं! गिटार खाली ठेवायची, घडी घालायची!"

"रतन, त्यांनी मला न वाजवताना बघितलंय," आयव्ही म्हणाली. "मग मीच कशाला पाहिजे?"

रतनला ते पटलं. त्याने दुसरी मुलगी उभी केली. ऐकतो की ती छान घडी घालते, आणि बोरिवलीला तर चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली होती.

चंद्रप्रकाशचा गाळा कधीच बंद झालाय. बर्नार्डने आणि आयव्हीने मिळून माझ्या तारा जोडल्या, दुसरा स्पीकर बसवला. माझा आवाज आता घोगरा येतो. सोललेलं रेक्झिन तसंच आहे. मागच्या रविवारी दार उघडं ठेवून आम्ही वाजलो, आयव्ही, अक्षता आणि मी. दुसऱ्याच गाण्याला समोरच्या घरातून हिल्डामावशींनी खिडकीतून डोकं काढलं.

"आयव्ही! बंद कर गो तो गोंगाट! माझी कवळी हलते!"

आयव्ही हसत सुटली. मलाही फार बरं वाटलं. त्या मॉलभर माणसांत एकानेही इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, रॉक परत आलंय की नाही, मला ठाऊक नाही. तुमच्या घरात गिटार असो, पेटी असो, तबला असो, त्याला शोभेसाठी ठेवू नका. धूळ पुसा आणि वाजवा. बेसूर वाजलं तरी चालेल, शेजारी ओरडले तर ओरडू द्या. आणि कुठे गर्दीत उभे असाल, समोर दिवे झगमगत असतील, तर आधी वाजवणाऱ्याच्या बोटांकडे बघा. ती खोटी हलत असतील, तर हात खिशात ठेवा. टाळी वाजवू नका.