येप्पेच्या भुवया

आम्हा ग्रीनलंडच्या माणसांना हो म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. भुवया वर गेल्या की हो, नाक आक्रसलं की नाही. थंडीत तोंड जितकं मिटलेलं तितकं बरं. पण पाहुण्यांशी डॅनिश बोलायला लागले की मी भुवया आवरून घेते आणि त्यांच्यासारखंच तोंडाने ‘हो, हो’ करते. वीस वर्षं पाहुण्यांसाठी घर चालवून लागलेली सवय. तिच्यापायी त्या एप्रिलमध्ये मी माती खाल्ली असती.

टॉर्बेन आणि येप्पे हे दोघे भाऊ कोपनहेगनहून आले होते. धाकटा येप्पे पंचेचाळीसचा, लहानपणापासून चाकांच्या खुर्चीत. हातपाय त्याचं ऐकत नाहीत, जीभही नाही. चेहरा तेवढा ऐकतो. डोकं मात्र तल्लख. घरी तो पाटीवरच्या अक्षरांवर नजर रोखून बोलतो. ती पाटी टॉर्बेनने आणलीच नव्हती.

“ओझं कशाला? मला त्याचं सगळं कळतं,” म्हणाला.

माणूस वाईट नव्हता. भावाला भरवायचा, पुसायचा, झोपेतून उठून त्याला कुशीवर वळवायचा. पण येप्पेला काही विचारलं की उत्तर हाच देणार. आणि मी मूर्ख, दोन दिवस त्यालाच विचारत राहिले, “येप्पेला सीलचं सूप चालेल का?”

माझा दीर जेरेमियास कुत्र्यांची स्लेज चालवतो. येप्पेसाठी त्याने मासळीची खोकी फोडून स्लेजवर बैठक केली होती. पाठीला फळ्या, खाली रेनडिअरचं दुहेरी कातडं, मानेला उशी. दोरीची गाठ अशी की एका हिसक्यात सुटावी. बर्फाखाली समुद्र असताना माणसाला जखडून कोणी नेत नाही. पंधरा दिवस तो त्यावर खपला होता. हिमनगांपर्यंत जाऊन यायचं, तीन तासांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांचं हेलिकॉप्टर होतं, म्हणजे जायचं तर आजच.

आणि नाश्त्याला टॉर्बेन म्हणाला, “येप्पे नाही येणार. उणे अठरा आहे. मी एकटा जाऊन व्हिडिओ काढून आणतो, तो इथे उबेत बसून बघेल.”

“बरं,” मी म्हणाले. हो, मीच म्हणाले.

जेरेमियास कातडी कोट घेऊन दारात उभा होता. त्याचं डॅनिश चार शब्दांचं.

“काय म्हणतो गं हा, वहिनी?”

“धाकटा येत नाही म्हणे.”

“असं धाकटा म्हणाला?”

“थोरला म्हणाला.”

“मग थोरल्याला ठेव घरी. त्याच्यासाठी नाही फोडली मी खोकी.”

बूट न काढताच तो आत आला. मी ओरडणार, तोवर येप्पेपुढे उकिडवा बसला, कोट पुढे धरला आणि मोडक्यातोडक्या डॅनिशमध्ये म्हणाला, “तू. स्लेज. येतोस?”

येप्पेच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या.

“येतोय,” जेरेमियास उठला. “आवरा, कुत्री ताटकळलीत.”

मी कपाळावर हात मारून घेतला. दोन दिवस येप्पे माझ्या स्वयंपाकघरात बसून बघत होता. शेजारणी कॉफीला येतात, ‘अजून घेतेस?’ विचारलं की काय करतात, सगळं बघून त्याने उचललं होतं. काल सुपाच्या वेळीही त्या भुवया माझ्याकडे बघून वर गेल्या होत्या, परवाही. मी त्यांना स्नायूंचे झटके समजले! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टॉर्बेनला मी हे सांगितलं, तर तो मान हलवत राहिला. “स्नायू आहेत ते, बिबियाने. आपोआप हलतात.”

“बघू या की.” मी येप्पेकडे वळले. “तुझं नाव टॉर्बेन का रे?”

नाक आक्रसलं.

“सुपात मीठ कमी होतं?”

भुवया वर. हे मला लागलं, पण खरं होतं.

“टॉर्बेन फार बोलतो?”

भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या. जेरेमियास खो खो हसत सुटला. शब्द त्याला कळले नव्हते, भुवया कळल्या होत्या.

टॉर्बेन मटकन खुर्चीत बसला. “पण गारठला तर?”

“जेरेमियास मधूनमधून विचारेल. येप्पे नको म्हणाला की स्लेज मागे. तुम्हीही जा बरोबर. फक्त उत्तरं देऊ नका.”

तीन तासांचे पाच झाले. मी खिडकी सोडली नाही. कुत्र्यांचा आवाज आला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

“वहिनी, चारदा विचारलं याला, फिरू का मागे,” जेरेमियासने येप्पेला उचलून आत आणलं. “चारही वेळा नाक! थोरला मात्र पहिल्या तासापासून हो म्हणत होता.”

येप्पेचे गाल लालभडक झाले होते. टॉर्बेनने हातमोजे काढले, भावाच्या भुवयांवरचं हिम बोटाने पुसलं आणि तसाच त्याच्यापुढे बसून राहिला.

“येप्पे, इतकी वर्षं मी तुझ्या वतीने बोलत आलो,” तो म्हणाला. “राग येतो तुला माझा?”

नाक आक्रसावं असं मला फार वाटलं. भुवया वर गेल्या.

टॉर्बेनच्या डोळ्यांत पाणी आलं. “आत्ताही?”

पुन्हा वर. आणि येप्पे हसत होता.

मी कॉफीचं पाणी ठेवलं. भावाभावांचं भांडण जुनं होतं. दोन्ही बाजूंनी ते आज सुरू झालं होतं.