'नकोस' मागेच राहिलं

बत्तीस वर्षं त्यानं त्या गोल्फच्या मैदानाचं गवत राखलं, पण स्वतः एकदाही चेंडू मारला नाही. सूर्य वर यायच्या आत तो लांब काठीनं गवतावरचं दव झाडायचा, यंत्राच्या पात्यांची धार कागदाच्या कपट्यावर बघायचा आणि झेंड्याभोवतीची हिरवळ अशी कापायचा, की अनवाणी चालणाऱ्याला सतरंजी वाटावी. सगळे त्याला गवतकाका म्हणत. निवृत्तीच्या दिवशी समितीनं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं, वर्षभर फुकट खेळायची मुभा दिली आणि वर कोचबाईंचे वीस धडे दिले.

"टकल्याला कंगवा दिलाय," घरी येऊन तो बायकोला म्हणाला.

"घ्या की. घरात बसून माझ्या भाजीला नावं ठेवण्यापेक्षा बरं."

तर असा तो साठाव्या वर्षी शिकायला उभा राहिला. कोचबाई त्याच्या लेकीच्या वयाची. पहिल्या दोन धड्यांत ती नुसती बघत राहिली. तिसऱ्या धड्याला म्हणाली, "काका, मघापासून तुम्ही शिव्या कुणाला देताय?"

"मलाच."

"मला वाटलं, चेंडूला. काय म्हणालात आत्ता?"

"गाढवा, तुझ्यानं काही व्हायचं नाही."

"तुमच्या जागी तुमचा मित्र असता, तर त्याला असं म्हणाला असतात?"

"मित्र असता तर केव्हाच हाकलला असता. गवताची ढेकळं उडवतोय नुसती."

ती हसली. म्हणाली, की हात आणि खांदे तिला महिनाभरात सरळ करता येतील, पण आतली बडबड त्यांची त्यांनाच सरळ करावी लागेल. माणूस स्वतःशी जे बोलतो, ते अंग ऐकतं. तेव्हा बोलायचंच असेल, तर बरं बोला.

त्याला ते पटलं नाही, पण सांगितलेलं काम मुकाट करायची सवय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना तो आरशाला म्हणाला, "मी शांत आहे. माझा हात चांगला आहे. मला जमतंय."

"कोण आलंय हो?" आतून बायकोनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग एवढं कौतुक कुणाचं चाललंय? चाळीस वर्षांत माझं नाही झालं."

पण जेवताना तिचा सूर बदलला. पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवून ती म्हणाली, "लेकीचा फोन होता. इथल्या रुग्णालयात रक्त तपासणीच्या विभागात जागा निघालीय. तिला बोलावताहेत. नाहीतर आहे तिथेच तिला कायमची नेमणूक मिळतेय. मग काही ती परत यायची नाही. शनिवारपर्यंत कळवायचंय तिला."

त्याचा घास हातातच राहिला. नऊ वर्षं झाली लेक परगावी जाऊन. वर्षातून दोनदा बापलेक बोलत, तेही हवापाण्याचं.

"तिनं विचारलंय, बाबा काय म्हणतात."

"मग सांग की तू. ये म्हणावं."

"मी कशाला सांगू? माझं तिला पाठ आहे. तुमच्या तोंडून हवंय. तूच विचार म्हटलं, तर म्हणाली, मी विचारणार नाही. विचारलं आणि बाबा पुन्हा तेच दोन शब्द म्हणाले, तर मला सहन व्हायचं नाही."

"कुठले दोन शब्द?"

"ते तुम्ही आठवा," बायको म्हणाली आणि ताट उचलून गेली.

त्यानं पुष्कळ आठवलं. रागाचे शब्द आठवले, पण ते काही दोन नव्हते, ढीगभर होते.

मंगळवारचा धडा सातव्या झेंड्याशी होता. तिथे मध्ये तळं आहे. चेंडू अलीकडून उचलून तळ्यावरून पलीकडे न्यायचा. तळं काही मोठं नाही, पण त्याच्या तळाशी दरवर्षी पोतंभर चेंडू सापडतात, ते त्यानंच उपसलेले. त्यानं सात नंबरची स्टिक घेतली, पाय रोवले आणि मारला. डुबुक. दुसरा मारला. डुबुक. तिसरा गेल्यावर कोचबाईंनी त्याच्या हातातली स्टिक धरली.

"मारायच्या आधी मनात काय म्हणालात?"

"चांगलंच म्हणालो. शिवी नाही दिली."

"काय म्हणालात?"

"पाण्यात नको."

"म्हणून पाण्यात गेला," ती म्हणाली. "आपल्या बोलण्यात 'नको' शेवटी येतं, काका. मन आधी पाणीच ऐकतं. 'नको' पोचेपर्यंत चेंडू निघालेला असतो. कुठे जायला नको ते सांगूच नका. कुठे जायला हवा ते सांगा. 'त्या झेंड्याशी.' एवढंच. आणि तरी चुकला, तर 'जाऊ दे' म्हणायचं आणि पुढे चालायचं."

तो हलला नाही. कोचबाईंना वाटलं, कंबर धरली. तिनं स्टूल आणून दिलं.

त्याच जागी, याच तळ्याकाठी, लेक सतरा वर्षांची असताना उभी होती. समितीनं नोकरांच्या मुलांना खेळायला परवानगी दिली होती, आणि सगळ्यांत तिचा हात असा होता की मोठे मोठे सभासद थांबून बघत. शिकवायचा तोच. स्वतः कधी मारलं नव्हतं, पण कुणाचा चेंडू का चुकतो हे वर्षानुवर्षं तिथलं गवत कापणाऱ्याइतकं कुणाला कळणार? तिच्या मागे उभा राहून तो पुटपुटायचा, "डावीकडे नको. वाळूत नको. घाई नको." त्या दिवशी चषकाचा शेवटचा सामना होता. ती चेंडूवर वाकली, आणि तो मागून हलकेच म्हणाला, "पाण्यात नको हं."

डुबुक.

तिनं वळून त्याच्याकडे बघितलं. आणि तो नेहमीसारखा हात झटकून म्हणाला होता, "जाऊ दे."

जाऊ दे. हेच ते दोन शब्द. तिच्या प्रत्येक चुकीनंतर तो ते म्हणत आला होता. त्याच्या मनात असायचं, एवढं काय त्यात, पोरी. तिला ऐकू यायचं, तुझ्याकडून काय अपेक्षा ठेवायची. त्या दिवसानंतर तिनं स्टिक हातात धरली नाही.

आणि चार वर्षांनी, घराच्या दारात. सामान गाडीत गेलेलं. आई डोळे पुसत आत वळलेली. ती त्याच्यापुढे उभी राहिली, काही बोलेल म्हणून. त्यानं तोंड उघडलं. "जाऊ..." एवढंच बाहेर आलं. पुढचा शब्द घशात अडकला. त्याला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. लेकीनं पुढचा शब्द स्वतःच घातला. कडवट हसून म्हणाली, "हो बाबा, माहीत आहे. जाऊ दे." आणि गेली.

त्याचंही 'नकोस' शेवटी येत होतं. ते पोचेपर्यंत लेक निघालेली होती.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? तिथल्या तिथे फोन लावला असता. पण तो मुखदुर्बळ, आणि जन्मभर भित्रा. ज्याला स्वतःशी धड बोलता येत नाही, तो लेकीशी काय बोलणार, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं मनाशी नेम धरला: आधी चेंडू तळ्यापलीकडे, मग फोन. एकदा चेंडू झेंड्याशी पडला, की आपल्याला बोलता येतं हे सिद्ध झालं. मग एकच शब्द, 'ये'. त्यात 'नको' नाहीच, अडकायला काही उरतच नाही. नेम चांगला असतो, मनाला वळण लावतो. पण भीतीनं धरलेला नेम म्हणजे नुसती पळवाट, हे त्याला कोण सांगणार?

बुधवारी सगळे पाण्यात. गुरुवारी एक काठावर आपटून मागे पाण्यात आला, घरंगळत, जसा काही ओळखीच्या घरी निघाला. झेंड्याकडे बघून तो पुटपुटायचा, "त्या झेंड्याशी," आणि त्या शब्दांच्या खालून जुना आवाज यायचाच: पाण्यात, पाण्यात.

"केलात फोन?" गुरुवारी संध्याकाळी बायकोनं विचारलं.

"शनिवार म्हणालीय ना ती."

"शनिवारपर्यंत म्हणालीय."

"तेच ते."

"तेच नाही," ती म्हणाली. तिच्या हातात कपाटातली निळी चादर होती. लेकीच्या खोलीत जाऊन तिनं ती पलंगावर घातली, कोपरे ताणून गादीखाली खोचले. तो दारातून बघत होता.

शुक्रवारी पावणेचारशे चेंडू मारले. तळव्याला फोड आले. कोचबाई म्हणाली, "काका, आज पुरे. एवढं कशासाठी?" त्यानं सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी दव अजून वाळलं नव्हतं. नव्या माळ्यानं ते झाडलंही नव्हतं, आणि गवतावर फक्त त्याच्या एकट्याच्या पावलांची वाट उमटली होती. त्यानं चेंडू ठेवला. या वेळी झेंड्याकडे बघताना त्याला तिथे लेक उभी असल्यासारखी वाटली, आणि तोंडातून आपोआप निघालं, "ये."

चेंडू उचलला गेला. तळ्यावरून गेला. झेंड्यापासून दोन हातांवर टपकन पडला आणि थांबला.

तो बाकावर बसला आणि फोन लावला. शब्द तयार होता.

"बाबा?" लेक दचकली. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी तुला सांगायला केला." त्यानं श्वास घेतला. "तू ये. इथे ये. मला तू इथे हवी आहेस."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा, मी काल दुपारी त्यांना नाही म्हणून कळवलं. इथल्या कागदांवर सह्या केल्या."

"शनिवार होता ना?"

"शनिवारपर्यंत होतं. सोमवारपासून फोन उशाशी घेऊन झोपले मी. काल वाटलं, तुम्ही आईला सांगितलं असेल, जाऊ दे म्हणून."

"त्या दिवशी दारात मी ते म्हणत नव्हतो," तो म्हणाला. "जाऊ नकोस म्हणत होतो. 'नकोस' मागेच राहिलं."

लेक रडत होती. तिनं आवाज होऊ दिला नाही, पण बापाला कळलं. मग नाक ओढून तिनं विचारलं, "मागून वाऱ्याचा आवाज येतोय. कुठे आहात?"

"सातव्यावर. आज पलीकडे गेला."

"कुठल्या स्टिकनं?"

"सात नंबर."

"मी आठ घेतली होती, ती चेंडू अलीकडेच टाकते," ती म्हणाली. "तिथेच चुकलं. तुमच्यामुळे नव्हतं ते, बाबा." आणि मग, अगदी मायेनं, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली, "जाऊ दे."

ते दोन शब्द किती मऊ असू शकतात, हे त्याला तेव्हा कळलं. आणि मऊ असूनही कसे लागतात, तेही.

घरी आला तेव्हा बायको दारातच होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला समजलं. तरी तिनं विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. काल सांगायला हवं होतं."

तो लेकीच्या खोलीत गेला आणि निळ्या चादरीचे कोपरे गादीखालून काढू लागला. फोड फुटलेल्या हातांना ते नीट जमेना. बायको मागून आली, त्याच्या हातातला कोपरा तिनं सोडवून घेतला आणि पुन्हा खोचला.

"राहू दे," ती म्हणाली. "घातलीय तर राहू दे."