तोल सांभाळणारा पट्टा

कोथरूडच्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. काठ्या, वॉकर घेऊन सगळी ज्येष्ठ मंडळी लोटली होती. स्टेजवर चैतन्यनाथ महाराजांनी माझे शेजारी रंगनाथराव यांना उभं केलं.

"हात आडवा धरा," म्हणत महाराजांनी मनगट खाली दाबलं. रंगनाथराव कोलमडले. मग त्यांच्या कमरेला तांब्याचा शक्तिपट्टा बांधला, पुन्हा दाबलं. रंगनाथराव ढिम्म हलले नाहीत! टाळ्यांचा कडकडाट.

"भूगर्भातली ऊर्जा थेट पायांत चढते! व्यायाम नको, काठी नको!" महाराज गरजले.

सभागृह दुसऱ्या मजल्यावर होतं. ऊर्जा बहुधा लिफ्टने आली असावी.

मी हसलो. रंगनाथरावांना हसू परवडणारं नव्हतं. त्यांच्या बायकोला, मुक्ताईंना, पक्षाघात झालेला. तिला उचलून संडासापर्यंत नेणं त्यांना झेपेना, आणि खराडीतल्या मुलानं, सुदर्शननं, आईसाठी शुश्रूषा केंद्र बघून ठेवलेलं. "ती तिकडे गेली तर मी सकाळी उठू कुणासाठी हो?" ते मला म्हणाले होते.

त्यांनी पट्टा विकत घेतला आणि काठी सोडली. थोड्याच दिवसांत त्यांच्या दारातून कण्हणं ऐकू आलं. माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, तर दोघंही बाथरूमपाशी पडलेले, सकाळपासून. मुक्ताईंचं डोकं त्यांच्या मांडीवर.

"माझीच श्रद्धा कमी पडली," ते पुटपुटत होते.

हाड मोडलं नाही, एवढंच. अंग सावरल्यावर मुक्ताईंची फिजिओथेरपिस्ट भाग्यश्री हिनं त्यांना ओट्याशी उभं केलं. "काका, पट्टा बांधा. हात आडवा." तिनं मनगट दाबलं. ते कलंडले; तिनं सावरलं. "आता पट्टा काढा." पुन्हा दाबलं. या वेळी ते घट्ट उभे!

"हे कसं काय?"

"आधी मी हात खाली आणि बाहेरच्या बाजूला दाबला. तोल जाणारच. नंतर दाब तुमच्या अंगाकडे दिला, म्हणून पाय रोवले गेले. महाराजांनीही हेच केलं. फक्त पट्टा नसताना बाहेर, असताना आत."

रंगनाथराव मटकन खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. "मग माझ्यापाशी उरलं काय?"

"पाय आहेत की, काका. त्यांना काम द्यायचं. आधी डॉक्टरांना दाखवू. मग ओटा धरून टाचा उचलायच्या, भक्कम खुर्चीतून सावकाश उठायचं-बसायचं, घरात कुणी असतानाच. छातीत दुखलं, चक्कर आली की थांबायचं. चालताना काठी हवीच. आणि काकूंना एकट्यानं उचलायचं नाही."

आतून मुक्ताईंचा अडखळता आवाज आला, "अहो... करा ना."

सुदर्शननं कुरकुरत का होईना, मदतीला बाई ठेवली. शुश्रूषा केंद्राचा विचार त्यानं अजून पूर्ण सोडलेला नाही. रंगनाथराव रोज ओट्याशी उभे राहतात, पाय थरथरतात, तरी राहतात. मुक्ताईंना एकट्यानं उचलणं त्यांना कदाचित कधीच जमणार नाही. पण बाई त्यांना उठवताना एका बाजूनं आधार देणं परवापासून जमू लागलंय.

घाबरलेला माणूस कुणाचाही पट्टा बांधून घेतो, यात त्याचा दोष नाही. पण मंडळी, चमत्कार बघताना पट्ट्याकडे बघू नका. दाबणारा हात कुणीकडे जातोय, ते बघा.