महादूच्या घरगाडीचं पॉलिश

पांढऱ्या गाडीचं काम मी शक्यतो घेत नाही. काळ्या गाडीला चकाकी आणली की मालक तिच्यात स्वतःचे दात बघत उभा राहतो. पांढरीला आणली की म्हणतो, “धुतलीत वाटतं!” दोन दिवस खांदे मोडून घ्यायचे आणि वर हे ऐकायचं. प्रणितचा फोन आला तेव्हाही मी काहीतरी थाप ठोकून टाळणारच होतो, पण तो महादू ड्रायव्हरचा मुलगा निघाला. मुरबाड डेपोचे महादू ड्रायव्हर. म्हसा गावच्या जत्रेतून एसटी अशी काढायचे की बैलाच्या शेपटीलाही धक्का लागायचा नाही. त्यांच्या गाडीला नाही म्हणवेना.

निवृत्त झाल्यावर या माणसाने एक जुनी घरगाडी विकत घेतली होती. आत पलंग, ओटा, एवढंसं न्हाणीघर आणि बाहेरून फायबरची पांढरी बॉडी. गाव हसलं. चांगलं घर असताना म्हातारा चाकांवर झोपणार, नाकापेक्षा मोती जड! महादूंनी गावाकडे लक्ष दिलं नाही. बायकोला शेजारी बसवून दोन यात्रा केल्या आणि मग एका उन्हाळ्यात ते गेले. किन्हवलीच्या पुढे, शेताच्या कडेला त्यांचं घर आहे. तिथं गाडी तीन वर्षं उघड्या उन्हात उभी होती. आता भातसानगरकडचा एक रिसॉर्टवाला ती घेणार होता आणि रविवारी बघायला येणार होता.

मी गाडी धुतली, सुकू दिली आणि बॉडीवरून हात फिरवला. तळवा पांढराफटक झाला. फायबरचा वरचा थर ऊन खाऊन खाऊन मरतो आणि त्याची भुकटी होते. लोकांना वाटतं मळलीय. मळलेली गाडी पाण्याने साफ होते, ही नुसती ओली होते आणि वाळली की पुन्हा तशीच.

महादूंची बायको धोंडूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी गाडीला एक बोट लावलं आणि बोटाकडे बघत राहिल्या.

“पिठावानी हाय रे, भगीरथ.”

“तसंच असतं ते, मावशी.”

“ह्यात काय उमटतं का?”

“उमटेल की! कावळ्याची शीट उमटेल.”

त्या हसल्या नाहीत. मला जीभ चावावीशी वाटली. पायरीवर टेकून त्या सांगू लागल्या. माणूस गेला की दिवा लावतात, दिव्याखाली पीठ पसरतात आणि वर टोपली पालथी घालतात, हे मलाही ठाऊक होतं. सकाळी टोपली उचलून बघायचं. पाखराचा पाय उमटला, जनावराचा की माणसाचा, त्यावरून जीव कुठं गेला ते कळतं.

“ह्यांचं पीठ कोरं ऱ्हायलं,” त्या म्हणाल्या. “दहा दिवस रोज टोपली उचलली, रोज कोरं. कावळा शिवला, पन पिठात काय नाय. तवापासून माज्या जिवाला घोर लागलाय. मानूस माज्यावर रागावून तर नाय ना गेला?”

“रागवायला काय झालं होतं?”

त्यांनी माझा कप उचलला. चहा अजून अर्धा होता. त्या घरात गेल्या.

मी कामाला लागलो. मशीनला लोकरीचा पॅड लावला, घासायची पेस्ट, म्हणजे कंपाउंड, घेतलं आणि ड्रायव्हरच्या बाजूने सुरुवात केली. हे काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. मेलेल्या पांढऱ्याखालून जिवंत पांढरं वर येतं तेव्हा मशीनचा आवाजही बदलल्यासारखा वाटतो. संध्याकाळपर्यंत ती सगळी बाजू उजळली. अंगणातला आंबा तिच्यात पानन् पान दिसू लागला आणि मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

सकाळी येऊन बघतो तर मधल्या खिडकीच्या खाली तळव्याएवढा मंद डाग. भोवती आरसा आणि मध्ये भुकटी. माझं डोकंच फिरलं. प्रणित मोटरसायकल काढून आसनगाव स्टेशनला निघाला होता, त्याला अडवलं.

“कोणी हात लावला रे गाडीला?”

“दादा, घरात मी नि आई. मी आत्ताच उठलोय. तुमच्याकडूनच ऱ्हायलं असंल.” त्याने घड्याळ बघितलं. “फास्ट लोकल जाईल माझी, सोडा.”

माझ्याकडून राहिलं! नवरीच्या गाडीवर माशी बसली तरी मला दिसते. पण पोरगा गेला निघून. मी चडफडत डाग काढला आणि दुसरी बाजू पूर्ण करून संध्याकाळी निघालो. निघताना ती जागा दोनदा बघितली. लख्ख होती.

दुसऱ्या दिवशी डाग परत आला होता आणि आता त्याला बोटं होती.

प्रणित तोवर कामाला गेला होता. मी गाडीजवळ उकिडवा बसलो. आधी वाटलं, कोणीतरी चुन्याचा हात लावलाय. ओल्या फडक्याने पुसलं, गेलं नाही. मग लक्षात आलं की हे उलटं आहे. भुकटीवर कोणी हात ठेवला तर भुकटी हाताला लागते आणि खाली साफ पंजा उमटतो. इथं साफ जागेवर भुकटीचा पंजा होता. असा पंजा बाहेरून उमटत नाही. तो आतून वर यावा लागतो.

मी पाणी मारून बारीक पॉलिश पेपरने घासलं. पंजा पुसट व्हायच्या ऐवजी जास्त स्पष्ट झाला. ऊन चढलं होतं, बॉडीला हात लावला तर चटका बसत होता. पंजावर हात ठेवला तर माठाच्या बुडाला लावल्यासारखं गार. मी हात झटकन काढला. मी भित्रा नाही, पण त्या भर दुपारी अंगणात पान हलत नव्हतं आणि माझ्या हातावरचे केस उभे राहिले होते.

हातात पेपर धरून किती वेळ बसणार? मी दार उघडून आत गेलो. बाहेरचा पंजा जिथं होता, तिथं आत पलंगाची कड लागून होती. उशाजवळच्या प्लायवर, पडल्या पडल्या हात पोचेल एवढ्या उंचीवर, तेलकट पंजे होते. एकावर एक, बरेच. खालचा घसरत गादीपर्यंत आला होता. मला तिथं उभं राहवेना. महादू ड्रायव्हर दुपारी ओटीवर झोपले आणि झोपेतच गेले, असं सगळं गाव सांगत होतं.

बाहेर आलो तर धोंडूबाई पंजासमोर उभ्या होत्या.

“मावशी, ऊन आहे. सावलीत बसा.”

“ओटीवर नाय गेले ते,” त्या म्हणाल्या. “ह्यातच गेले. प्रणित बोलला, एवढं घर असून बाप गाडीत मेला, लोक काय म्हनतील? उचलून ओटीवर आनला. दिवा ओटीवर, पीठ ओटीवर. जीव गेला इथं आनि आमी टोपली उचलतोय थितं! मी पन गप ऱ्हायले. कोरंच ऱ्हानार ना रे?”

“तिथं लावला तरी दिवाच तो,” मी काहीतरी बोललो. “झोपेत गेले, मावशी. त्यांना कळलंही नसेल.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं.

“गाडीतून थाप मारीत व्हते. मी ऐकली.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. “चुलीपाशी बसले व्हते मी. त्यांची रोजचीच तऱ्हा, पानी आन, चा आन, आतून थाप मारायची. मी बोलले, मारा थापा, माजी भाकरी तव्यावर हाय. भाकरी झाली, दुसरी टाकली. मंग थाप थांबली. मला बरं वाटलं, झोपला म्हातारा.”

मघापर्यंत माझ्या पॉलिशची नासाडी झाली म्हणून मी रागावलो होतो, त्याची लाज वाटली. मी म्हणालो, “संध्याकाळी आत दिवा लावू. पीठ पसरू. मी थांबतो. प्रणितलाही मी सांगतो.”

“दिवा कशाला?” त्या म्हणाल्या. “हाक मारलीय त्यांनी. जायाला पायजे.”

पदर खोचून त्या पायरी चढल्या आणि आत गेल्या. दार लागलं. मी हाक मारली नाही. कोणत्या तोंडाने मारणार?

आतून आधी गादीचा आवाज आला. मग त्यांचा, “जरा सरका.” मग बराच वेळ त्या बोलत होत्या. शब्द कळत नव्हते, पण सूर घरातला होता. थोडं चिडणं, थोडं समजावणं. मध्येच त्या थांबायच्या, समोरचा बोलतोय आणि आपण ऐकतोय असं माणूस थांबतं तसं. दुसरा आवाज मला आला नाही. येऊ नये म्हणून मी मनात देवाचं नाव घेत होतो.

डोळे मात्र पंजावर होते. करंगळी आधी गेली. कोणी घासलं नाही, पुसलं नाही, मशीन तर गवतात पडलं होतं. करंगळीच्या जागी चकाकी आली, मग बाकीची बोटं एकेक करून गेली, आणि शेवटी तळवा कडेकडून आत आत आटत नाहीसा झाला. त्या जागी आंब्याची फांदी दिसू लागली. मी हात लावला तर इतर बॉडीसारखाच चटका बसला.

दार उघडलं. धोंडूबाई सावकाश खाली उतरल्या. चेहरा घामाने भिजला होता आणि शांत होता. त्या रडल्या असतील असं मला वाटलं होतं, पण डोळे कोरडे होते.

“तुजं काम झालं बग,” त्या म्हणाल्या. “आता नाय यायचा डाग.”

मला राहवलं नाही. “रागावलेत का ते?”

“इचारलं. काय बोलले नाय.”

पायरीवरून शेवटचं पाऊल टाकताना त्यांचा तोल गेला म्हणून मी आधार द्यायला त्यांचा हात धरला. तो गार होता. मी उलटा करून बघितला. तळवा पांढरा झाला होता. रेषा, घट्टे, भाकऱ्या थापून पडलेल्या भेगा, सगळं त्या पांढऱ्याखाली गेलं होतं. भुकटी लागली असेल म्हणून मी बादलीतलं ओलं फडकं घेऊन घाईघाईने पुसायला गेलो. तळवा नुसता ओला झाला आणि माझ्या डोळ्यांदेखत वाळून पुन्हा तसाच झाला.

धोंडूबाईंनी हात माझ्याकडून काढून घेतला आणि पदराखाली धरला.

“पुसू नको रे,” त्या म्हणाल्या. “तीन वर्सांनी धरलाय त्यांनी.”